हमीद यांचा फोटो फॉरवर्ड करण्याआधी

दर 15 ऑगस्टला आणि 26 जानेवारीला आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर एक यादी फिरते. हवालदार अब्दुल हमीद, ब्रिगेडियर उस्मान, कारगिलचे कॅप्टन हनीफुद्दीन, शेवटी डॉ. कलाम. खाली तिरंग्याचे तीन-चार इमोजी. मीही ती दहा-बारा वर्षं इमानेइतबारे फॉरवर्ड केली. आता करत नाही. तुम्हीही करू नका, असं सांगायला हे लिहितोय. शिव्या मिळतील याची कल्पना आहे.

ही यादी का फिरते ते आपल्याला माहीत आहे. ती बहुतेक वेळा उत्तर म्हणून फिरते. 1965 च्या युद्धात सैन्यातल्या ‘मुस्लिम रेजिमेंट’ने लढायला नकार दिला, म्हणून ती बरखास्त केली, ही थाप तुमच्याही मोबाईलवर आली असेल. स्वतंत्र भारताच्या सैन्यात या नावाची रेजिमेंट कधी नव्हतीच. जी नव्हती ती नकार काय देणार आणि बरखास्त काय होणार? ऑक्टोबर 2020 मध्ये सुमारे 120 माजी सैनिक आणि अधिकाऱ्यांनी या खोट्या प्रचाराविरुद्ध राष्ट्रपती आणि पंतप्रधानांना पत्र लिहिलं. त्यात माजी नौदलप्रमुख अॅडमिरल रामदास होते, आपल्या अलिबागजवळ राहिलेले. आपल्यापैकी कितींनी ते पत्र वाचलं? आपण यादी पाठवली आणि झोपलो.

मुळात यादी पाठवून आपण समोरच्याचा प्रश्न मान्य करतो. ‘तुम्ही या देशासाठी काय केलंत?’ असं तो विचारतो आणि आपण खिशातून पावती काढावी तशी अब्दुल हमीद यांची शहादत काढतो. पावती बघून तो पुढची मागतो. हमीद झाले, आता दुसरा दाखवा.

हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं नाही. गेल्या फेब्रुवारीत आमच्या तालुक्यातल्या पाच म्हाताऱ्या फौजींना घेऊन दिल्ली आणि पंजाबला गेलो होतो, तिथे कळलं.

कल्पना उसनी होती. काही वर्षं मी अमेरिकेत ओहायोला प्रोजेक्टवर होतो. तिथे विमानतळावर एकदा व्हीलचेअरवरच्या म्हाताऱ्यांची रांग दिसली, प्रत्येकासोबत एक तरुण आणि बाजूला टाळ्या वाजवणारे लोक. चौकशी केली. वॉशिंग्टनमधलं दुसऱ्या महायुद्धाचं स्मारक 2004 साली खुलं झालं, म्हणजे युद्ध संपून जवळजवळ साठ वर्षांनी. तोवर ज्यांच्यासाठी ते बांधलं ते ऐंशीच्या घरात पोचलेले. अर्ल मोर्स नावाच्या, वायुदलातून निवृत्त झालेल्या माणसाने ओहायोतच 2005 मध्ये सहा लहान विमानांतून बारा जणांना ते बघायला नेलं. पुढे त्याची देशभर चळवळ झाली, ‘ऑनर फ्लाइट’ नावाची. प्रत्येक म्हाताऱ्यामागे सोबतीला एक माणूस, हा तिचा कणा. अमेरिकेने कुठेकुठे युद्धं केली आणि का केली, यावर माझी मतं आहेत, पण ती इथे नको. मला त्या सोबत्याचं काम आवडलं. तो भाषण करत नव्हता. औषधं, लघवी, टोपी आणि जेवण एवढंच सांभाळत होता.

आपलं राष्ट्रीय युद्ध स्मारक दिल्लीत इंडिया गेटजवळ 25 फेब्रुवारी 2019 ला सुरू झालं. 1971 चं युद्ध लढलेला सगळ्यात तरुण शिपाई आज सत्तरीपार आहे. हिशेब सोपा आहे.

आमच्या पाचांत दोन मुसलमान, दोन मराठा आणि एक बौद्ध. वय 76 ते 84. झेलम एक्स्प्रेसने निघालो. ज्येष्ठ नागरिकांची तिकिटातली सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, त्यामुळे खर्च ठरवल्यापेक्षा बराच वाढला. पण गाडी त्यांचीच होती. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी याच गाडीने ते रजेवर ये-जा करायचे. मनमाडला चहा घ्यायचाच हे त्यांचं आधीच ठरलेलं. रात्री अकराला सगळे एकदम बोलायला लागले, आणि ज्या चाचांना मी लहानपणापासून मशिदीच्या पायरीवर गप्प बसलेलं बघत होतो ते सगळ्यांत जास्त बोलत होते. सैन्यात ते ड्रायव्हर होते हे मला तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. घर आमच्याच गल्लीत, चौथं. अब्दुल हमीद यांच्या जीपवर कुठली तोफ होती हे मला पाठ होतं, आणि चाचांनी 1971 मध्ये काय चालवलं हे माहीत नव्हतं.

मी इंजिनियर माणूस, प्लॅन एक्सेलमध्ये केला होता. पहिला दिवस जामियाच्या कब्रस्तानात ब्रिगेडियर उस्मान, दुसरा युद्ध स्मारकात परमवीरांचे पुतळे, मग अमृतसरहून असल उत्तरला अब्दुल हमीद यांची कबर. नीट बघा, हीसुद्धा तीच व्हॉट्सअॅपची यादी होती. फक्त तिला चाकं लावली होती. मनातून मला व्हिडिओ काढायचा होता, दाढीवाला म्हातारा फौजी मुसलमान हमीद यांच्या कबरीला सलाम करतोय. किती शेअर झाला असता!

जामियात सगळं प्लॅनप्रमाणे झालं. मोहम्मद उस्मान बलूच रेजिमेंटचे अधिकारी. फाळणीत रेजिमेंट पाकिस्तानकडे गेली आणि तिकडून मोठ्या पदाचं आमंत्रण असताना ते इथे राहिले. नौशेरा राखलं, झांगड परत घेतलं आणि 3 जुलै 1948 ला तोफेचा गोळा पडून गेले. जनाज्याला नेहरू स्वतः होते. डिसेंबर 2020 मध्ये याच कबरीची मोडतोड झाल्याच्या बातम्या आल्या आणि सैन्याने ती पुन्हा बांधून दिली. कबर आहे आपल्याच वस्तीत, ओखल्यात. रोज हजारो मुसलमान पोरं तिच्या आसपासून जातात. ती फुटली हे देशाला बातमीतून कळलं. यावर आपण कुणाला दोष देणार आहोत?

दुसऱ्या दिवशी प्लॅन मोडला. स्मारक चाळीस एकरांत आहे, चालणं भरपूर. मी सगळ्यांना परमवीरांच्या पुतळ्यांकडे वळवत होतो. चाचा थांबले. म्हणाले, “हमीद बाद में. पैले मेरे उस्तादकने ले चल.”

सैन्यात गाडीचा मुख्य ड्रायव्हर म्हणजे उस्ताद. चाचा विशीतले, त्याच्या शेजारी बसणारे. डिसेंबर 1971 मध्ये छंबच्या भागात दारूगोळ्याच्या ट्रकवर विमानातून मारा झाला तेव्हा चाचा पाण्याचा डबा भरायला उतरलेले होते. उस्ताद गाडीत होता. एवढंच, याच्या पुढे ते कधी सांगत नाहीत.

त्यागचक्राच्या भिंतीवर ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेक नाव आहे, पंचवीस हजारांहून जास्त. आम्ही पाऊण तास शोधत होतो, शेवटी तिथल्या एका जवानाने मदत केली. चाचांनी बोट लावून अक्षरं वाचली. मग त्या विटेवर तळहात ठेवला आणि मला म्हणाले, फोन खिशात घाल. मी घातला. उस्ताद कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा हे मी विचारलं नाही. नावावरून मुसलमान नव्हता एवढं दिसत होतं. पण यातून ‘बघा, हिंदू-मुस्लिम भाईचारा’ असा नवा फॉरवर्ड कुणी बनवू नये म्हणून सांगतो, चाचा तिथे कुणाला काही दाखवायला गेले नव्हते. ते माफी मागायला गेले होते असं मला वाटलं. विचारायची हिंमत झाली नाही.

मराठा लाइट इन्फंट्रीचे नाना वेगळ्याच कारणाने तापले. तिथे सहा लढायांची ब्राँझमधली शिल्पं आहेत. गंगासागर आहे, लोंगेवाला आहे, रेझांगला आहे. नाना 1971 ला जमालपूरच्या वेढ्यात होते. “जमालपूर कुठाय?” त्यांनी तीन वेळा विचारलं, तिसऱ्यांदा एका सुरक्षारक्षकाला. जेवताना म्हणाले, “सगळ्यांचं कसं बसणार भिंतीवर!” पण डाळ अर्धी टाकली.

असल उत्तरला पोचलो तेव्हा मी बराच शहाणा झालो होतो. अमृतसरहून दीड-दोन तास, दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं. सप्टेंबर 1965 मध्ये इथे पॅटन रणगाडे अडवले गेले. जीपवरच्या तोफेने रणगाडे फोडता फोडता 4 ग्रेनेडियर्सचे हमीद 10 सप्टेंबरला पडले. पण त्याच लढाईत 3 कॅव्हलरीचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल सलीम कॅलेब. ‘सलीम’ बघून यादीत घालायला जाल, पण ते ख्रिस्ती होते. रणगाडे अडवताना ही गोष्ट कुणाच्या उपयोगाची नव्हती. आज आपल्याला यादी करताना तेवढी एकच गोष्ट लागते.

आता मुद्द्याचं. नागरिकत्व रक्त देऊन विकत मिळतं असं एकदा मान्य केलं की काय होतं बघा. मालेगावच्या यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा, रत्नागिरीत मासळी लिलावात उभी राहणारी, माझे अब्बा, ज्यांनी आयुष्यभर शर्ट शिवले, हे सगळे अर्धे नागरिक ठरतात, कारण यांच्या घरात कुणी शहीद नाही. संविधानात अशी अट कुठे आहे? शिपायाच्या बलिदानाने माझा हक्क सिद्ध होत नाही, कारण तो सिद्ध करण्याची गरजच नाही. आणि ज्याला खरंच शंका आहे त्याची शंका हमीद यांनी जाणार असती तर 1965 मध्येच गेली असती.

मग स्मारकांना जायचंच नाही का? जायचं, आणि कसं जायचं ते आपल्या शेजाऱ्यांकडून शिका. 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब आंबेडकर कोरेगाव भीमाच्या स्तंभाला गेले. तेव्हापासून दर 1 जानेवारीला लोक जातात, आज लाखांनी. ते तिथे कंपनी सरकारशी इमान दाखवायला जात नाहीत. स्तंभावर आपल्या माणसांची नावं आहेत, ती वाचतात, पोरांना खांद्यावर घेऊन दाखवतात, पुस्तकं विकत घेतात आणि पुढच्या लढ्याचं बोलतात. समोरच्याला पटवण्याचा तो कार्यक्रमच नाही. आमच्यातले महार रेजिमेंटचे आबा हे माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. ते लहानपणी बैलगाडीतून गेलेले.

आपल्या घरचंही थोडं बोलू. सहल ठरली तेव्हा मोहल्ल्यातल्या एका सद्गृहस्थांनी हार वाहणं, सॅल्यूट करणं धर्मात बसत नाही म्हणून चाचांना थांबवायचा प्रयत्न केला. चाचा तिसाव्या वर्षापर्यंत रोज सकाळी सॅल्यूट करत होते, पगार त्याचाच मिळत होता, आणि त्या पगारातला चंदा मशिदीने घेतला होता. तेव्हा कुणाला फतवा आठवला नव्हता. दुसरी चूक माझी स्वतःची. मी पाच पुरुष नेले. एकाही घरातल्या बाईला विचारलं नाही. हमीद यांचं परमवीर चक्र 1966 च्या प्रजासत्ताक दिनी रसूलन बीबींनी स्वीकारलं आणि त्या 2019 पर्यंत होत्या, म्हणजे त्यांच्यानंतर त्रेपन्न वर्षं. आपल्या यादीत त्यांचं नाव कधी वाचलंय? चाचींनी मला परत आल्यावर विचारलं, “मिला क्या वो?” म्हणजे उस्तादचं नाव त्यांनाही ठाऊक होतं, पन्नास वर्षं रात्री ऐकून. त्यांना न्यायला हवं होतं.

तर काम असं आहे. आधी आपल्या गल्लीत कोण फौजी आहे ते विचारा, कुठल्याही धर्माचा. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात त्याला बँकेत किंवा मोबाईलवर मदत लागते, तिथून ओळख होते. कहाणी मागू नका, चहा प्या. लगेच दिल्लीला नेलं पाहिजे असंही नाही. पुण्यात राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, अपशिंगे मिलिटरी गावात आहे, नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, तिथले पॅटन बघून चाचा अर्धा दिवस हलणार नाहीत.

ऑक्टोबरात आम्ही पुन्हा निघतोय. या वेळी सात जण, त्यात दोन बायका. एका आजोबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना गाडीत चढवायला दोन धट्टीकट्टी पोरं हवीत, आणि बायकांसोबत एक मुलगी. तिकीट स्वतःचं काढावं लागेल. फोनचा चार्जर सगळ्यांत मिळून एकच घेणार आहोत.