मॉन्टगोमेरीचा लढा पूर्ण शिकवा : इतिहास शिक्षकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, इतिहास अभ्यास मंडळ

महोदय,

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा मुक्तिलढा आपल्या वर्गांत बहुधा दोन वाक्यांत आटोपतो. रोझा पार्क्स बसमध्ये जागेवरून उठल्या नाहीत, मार्टिन ल्यूथर किंग यांनी भाषण केले. एवढ्याने कायदा बदलला, अशी मुलांची समजूत होते. ती चुकीची आहे आणि घातकही.

पार्क्स यांच्या अटकेच्या दीड वर्ष आधी, २१ मे १९५४ रोजी, विमेन्स पोलिटिकल कौन्सिल या महिला संघटनेच्या वतीने प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांनी मॉन्टगोमेरी शहराच्या महापौरांना पत्र लिहिले. पुढच्या दाराशी पैसे भरून आम्हाला मागच्या दाराने चढायला लावू नका. गोऱ्यांच्या वस्तीप्रमाणे आमच्या वस्तीतही प्रत्येक कोपऱ्यावर बस थांबवा. इतक्या साध्या मागण्या. तीन चतुर्थांश प्रवासी कृष्णवर्णीय आहेत, ते नसतील तर बस चालणार नाहीत, हेही त्यांनी बजावले होते. १ डिसेंबर १९५५ ला पार्क्स यांना अटक झाली आणि त्याच रात्री रॉबिन्सन यांनी बसवर बहिष्काराची हाक देणारी हजारो पत्रके छापून घेतली. बहिष्कार ३८१ दिवस चालला. जॉर्जिया गिलमोर आणि त्यांच्या सोबतिणी घरी रांधून ते पदार्थ विकत, त्या पैशातून बहिष्कार घालणाऱ्यांची ने-आण करणाऱ्या गाड्यांच्या पेट्रोलचा खर्च भागे. बसमधील वर्णभेद ज्या दाव्याने मोडला, तो चार महिलांचा होता. त्यांपैकी क्लॉडेट कॉल्विन स्वतःच्या अटकेच्या वेळी १५ वर्षांची होती. आमच्या दहावीच्या मुलींच्याच वयाची.

हा इतिहास आपल्याला परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतलेले.

म्हणून आमची मुख्य मागणी : १९५४ च्या पत्राचा मराठी अनुवाद पाठात समाविष्ट करावा, आणि दावा लढणाऱ्या चारही महिलांची नावे द्यावीत. फुले-आंबेडकर-पँथर हा दुवा त्याच प्रकरणात शिकवावा. परीक्षेत ‘भाषण कोणी केले’ असे विचारण्याऐवजी बहिष्कार वर्षभर कसा टिकला, हे विचारावे. शिक्षकांना त्यासाठी मराठीत साधनसामग्री पुरवावी. तिच्याविना बाकीच्या मागण्या कागदावरच राहतील.

नव्या पुस्तकांची छपाई सुरू होण्यापूर्वी मंडळाने आपला निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले,
कार्यकारिणी व सभासद