दारातील हत्ती

दीड लाख किलोमीटर धावलेली एसयूव्ही स्वस्तात मिळते म्हटले, की माणूस हुरळून जातो. परंतु हत्ती विकत घेणे सोपे, पोसणे अवघड. क्लच, टायर, सस्पेन्शन यांची झीज विक्रीच्या किमतीत दिसत नाही. ती पुढे खर्चाच्या रूपाने समोर येते. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो. म्हणून सर्व्हिसच्या नोंदी आणि परिचित मेकॅनिकचे मत अधिक विश्वासार्ह मानावे. खाजगी वाहनाची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यांपैकी उरलेली वर्षे मोजावीत. नोंदणी प्रमाणपत्रावर कर्जाचा बोजा नाही, याचीही खात्री करावी. दुरुस्तीसाठी रक्कम बाजूला ठेवूनही घरखर्च भागत असेल, तरच व्यवहार करावा. अन्यथा ज्या वाहनाने कुटुंबाला वाहून न्यायचे, त्याचेच ओझे कुटुंबाला वाहावे लागते.