पाडव्याच्या वहीत कार्डाचे पान

लक्ष्मीपूजनाला पुजलेली वही आज पाडव्याला पहिल्या नोंदीसाठी उघडेल. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचा मुहूर्ताचा सौदा निघेल, गुजरीत सोन्याच्या दुकानांसमोर गर्दी होईल, आणि शाहूपुरीतल्या जुन्या पेढ्यांवर पहिल्या पानावर ‘श्री’ लिहून कुंकवाचे बोट टेकवले जाईल. त्या वहीशेजारी पडलेल्या मोबाईलवर मात्र आठवडाभर निराळेच निरोप येत आहेत. नवे क्रेडिट कार्ड घ्या, स्वागताचे हजारो पॉइंट मिळवा, विमानतळाच्या लाउंजमध्ये फुकट बसा, सणाच्या खरेदीवर कॅशबॅक घ्या. वही आणि मोबाईल एकाच गादीवर असूनही आपण कार्ड निवडताना वही उघडत नाही, ही आमची तक्रार आहे.

उधारी शाहूपुरीच्या पेठेला नवी नाही. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात आली आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी स्टेशनालगत ही व्यापारपेठ वसवली. गूळ इथूनच देशभर गेला आणि त्या गुळामागे उभी होती ती उचल. गुऱ्हाळ पेटण्याआधी शेतकरी अडत्याकडून पैसे घ्यायचा. त्यावर व्याज लागायचे, पण खरी अट कागदावर नसायची. गुळाचे रवे त्याच अडत्याच्या दारात उतरायचे. शेजारच्या पेढीवर दर चढा असला तरी उचल घेतलेल्या माणसाचा पाय तिकडे वळत नसे. कार्डाचे पॉइंट आम्हाला या उचलीचे जवळचे नातेवाईक वाटतात. तेही आधी हातावर गोड ठेवतात आणि मग आपली खरेदी एकाच दाराकडे वळवतात. फरक इतकाच की अडत्याला शेतकऱ्याचे घर, शेत आणि अडचण ठाऊक असायची. वाईट साल आले तर गादीवर बसून दोन शब्द बोलता यायचे. कार्डाच्या बिलाशी बोलता येत नाही.

म्हणून गेल्या वर्षाची वही समोर घ्यावी. दुकानाची नको, घराची. किराणा किती, वीजबिल किती, पेट्रोल, औषधे, मुलांची फी, प्रवास किती, हे एकदा मांडले की कुठले कार्ड आपले आणि कुठले परक्याचे हे बरेचसे उमगते. बहुतेक कार्डांवर पेट्रोल, घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांना पॉइंट नसतात किंवा नावापुरते असतात. विम्याचे हप्ते आणि दागिने यांवरही अनेक कार्डे हात आखडता घेतात. आज गुजरीत कार्ड पुढे करण्याआधी या अटी वाचलेल्या बऱ्या.

प्रवासाच्या पॉइंटांचेही तसेच. उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ सालचा; मार्च २०२४ मध्ये तिथे नवे टर्मिनल झाले, याचा अभिमान आम्हालाही आहे. पण पेठेतल्या बहुतेक कुटुंबांचा प्रवास अजून स्टेशनावरूनच सुरू होतो. मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेस, बालाजीला हरिप्रिया. ज्या घराने वर्षाकाठी चारदा हरिप्रियेने तिरुपती गाठायचे, त्याला परदेशी विमानाच्या माइलांचा उपयोग काय? त्यांच्यासाठी रेल्वे आरक्षणाशी जोडलेले, तिकिटावर सूट देणारे साधे कार्ड कितीतरी पटीने कामाचे. उलट ज्यांची मुले बंगळुरूला किंवा परदेशात आहेत, ज्यांना वर्षातून पाचसहा वेळा विमानात चढावेच लागते, त्यांनी विमानाचे कार्ड जरूर घ्यावे. मात्र लाउंजची सोय अनेक कार्डांवर आता आधीच्या तिमाहीतल्या खर्चाशी बांधलेली असते, आणि परदेशात कार्ड वापरले तर साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा आकार व त्यावर जीएसटी लागतो, हेही त्याच पानावर लिहून ठेवावे.

आणखी एक गोष्ट. पॉइंट हे नाणे आहे, पण त्याची टांकसाळ दुसऱ्याच्या ताब्यात असते. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची विमाने जमिनीवर आली, तेव्हा तिच्या माइलांसाठी वर्षानुवर्षे कार्ड घासलेल्या लोकांना ज्या विमानात बसायचे होते ते विमानच उरले नाही. योजना पुढे दुसऱ्या नावाने चालली, पण मूळ स्वप्न गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. तिचे पॉइंट नव्या खात्यात गेले, नियम मात्र नव्या मालकाचे. गूळ साठवला तर पाणी सुटते, पॉइंट साठवले तर किंमत सुटते. मिळाले की वापरावेत.

आता हिशेब. शंभर रुपयांना दोन पॉइंट आणि एका पॉइंटचे पंचवीस पैसे, असे कार्ड धरू. वर्षात त्यावर तीन लाख रुपये खर्च केले तर सहा हजार पॉइंट, म्हणजे दीड हजार रुपये झाले. वार्षिक शुल्क हजार असेल तर जीएसटीसह ११८० रुपये गेले. हातात उरले ३२०. समजा एका महिन्यात ४० हजारांचे बिल आले आणि आपण फक्त ‘किमान रक्कम’ म्हणून दोन हजार भरले. उरलेल्या ३८ हजारांवर महिना साडेतीन टक्क्यांनी १३३० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून १५७० च्या आसपास. वर्षभराचे पॉइंट एका महिन्यात धुऊन गेले. शिवाय मागचे बिल पुरते फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाला ४२ टक्के. पेठेतल्या कुठल्याही सावकाराचा असा दर ऐकून आपण हबकलो असतो.

हे दुरून लिहिलेले नाही. घरातल्या एका आजारपणाच्या वर्षी या लेखकाने पाच महिने किमान रक्कमच भरली. ‘किमान’ या शब्दाने मनाला धीर दिला होता. देणे फिटत चालले आहे असे वाटत होते. सहाव्या महिन्यात पाचही बिले शेजारी मांडली तेव्हा मुद्दल जवळपास जागच्या जागी होते. त्या काळात पॉइंट मात्र नियमाने जमा होत होते.

ते पॉइंट येतात कुठून, हेही पेठेने पाहावे. एक वाटा दुकानदाराकडून, कारण कार्डाच्या प्रत्येक विक्रीवर बँकेचे शुल्क त्याच्या गल्ल्यातून जाते. दुसरा वाटा बिल पुरे न भरणाऱ्याच्या व्याजातून. दोघेही आपल्याच गल्लीत राहतात. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते, आणि छोट्या व्यापाऱ्याकडे दोन हजारांपर्यंतच्या अशा व्यवहारावर त्याला शुल्क लागत नाही. कुंभार गल्लीतून पणत्या घेताना किंवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात कार्डच वापरायचे असेल तर हा मार्ग धरावा. ज्यांना दर महिन्याला बिल पूर्ण भरता येईल अशी खात्री नाही, त्यांनी यंदा कार्डच घेऊ नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. त्यांच्यासाठी पिग्मी आणि भिशी अजून जिवंत आहेत.

घेणाऱ्यांनी आपले हक्क मागून घ्यावेत. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार अर्जासोबत व्याजदर आणि शुल्के सांगणारे एकपानी पत्रक द्यावेच लागते. ते वाचल्याशिवाय सही करू नये. न मागितलेले कार्ड बँकेला गळ्यात मारता येत नाही. बिलाची तारीख निदान एकदा बदलून मिळते. ज्याची वसुली दहा तारखेनंतर येते, त्याने बिलाची तारीख त्यानंतरची करून घ्यावी. बाकी काही नसताना कार्ड बंद करायचा अर्ज दिला, तर बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावे लागते. उशीर झाल्यास दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला देणे लागते. पेठेतल्या बँक शाखांना आमची विनंती आहे की ते एकपानी पत्रक स्वच्छ मराठीत, मोठ्या अक्षरांत काउंटरवर ठेवावे. ज्या पेठेने शंभर वर्षे मोडीत आणि बाळबोधीत मराठी खतावण्या लिहिल्या, तिला आपल्या कर्जाची अट आपल्या भाषेत वाचता आली पाहिजे.

आज संध्याकाळी पाडव्याची ओवाळणी झाली की नव्या वहीत एक पान कार्डासाठी राखावे. डावीकडे बिलाची तारीख, उजवीकडे भरल्याची तारीख, खाली मिळालेले पॉइंट आणि त्यांचे खरे रुपये. बारा ओळी पुरतात.