पातोळ्यांना पान हवे हळदीचेच

नागपंचमीच्या दिवशी चिरू नये, कापू नये, चुलीवर तवा ठेवू नये, हा दंडक आपल्याकडे अनेक घरांत पिढ्यान् पिढ्या पाळला जात आहे. त्यामुळे त्या दिवशीचा नैवेद्य उकडलेला. घाटावर पुरणाचे दिंड, तर कोकणात आणि गोव्यात हळदीच्या पानातील पातोळ्या. गोव्यातील ख्रिस्ती घरांतही १५ ऑगस्टच्या मारियामातेच्या सणाला याच पातोळ्या होतात. एका पानाने दोन धर्मांची स्वयंपाकघरे अशी सुगंधित केली आहेत.

अलीकडे शहरांतून मात्र एक सोयीस्कर मत ऐकू येते. हळदीचे पान न मिळाल्यास केळीचे घ्यावे. पीठ तेच, गूळखोबऱ्याचे चूण तेच, मग बिघडले कोठे? आमच्या मते सारेच बिघडले. केळीचे पान हे येथे केवळ भांडे होय. हळदीचे पान हा जिन्नस आहे. पानावर तांदळाचे पीठ पातळ थापावे, मधोमध चूण पसरावे, पान दुमडून पंधरा-वीस मिनिटे वाफवावे. झाकण उचलताच जो दरवळ उठतो, त्याचा हळदपुडीच्या वासाशी काही संबंध नाही. तो हिरवा, किंचित लिंबाच्या सालीकडे झुकणारा असतो. पान सोलले की त्याच्या शिरा पातोळीवर उमटलेल्या दिसतात. पान वाळले की हा गंध बराचसा उडून जातो, म्हणून ते ताजेच हवे. एके वर्षी आम्हीही केळीच्या पानावर भागवले. घरातील वडीलधाऱ्यांनी एक घास घेतला, आणि काही न बोलता ताट बाजूला सारले.

सणाच्या आदल्या दिवशी बाजारात चार पानांची जुडी मागेल त्या भावाने घ्यावी लागते, अशी तक्रार सर्वत्र आहे. आम्हांस ती अर्धीच मान्य आहे. ज्या सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या भागात श्रावणात हळदीची शेतेच्या शेते डोलत असतात. पण तेथे पंचमीला दिंड होतात, आणि पानाची कोणाला आठवण होत नाही. शेतकऱ्याने उभ्या पिकाची पाने ओरबाडावीत असे आम्ही म्हणणार नाही, कारण त्याच पानांच्या जोरावर कंद पोसतो. परंतु घरच्या कुंडीतील झाडाचे बाहेरचे एखाददुसरे पान खुडण्यास हरकत कसली?

ही लागवड अवघड मुळीच नाही. फूटभर खोल कुंडी, खाली पाणी निचरण्यास भोक, शेणखत मिसळलेली भुसभुशीत माती आणि सकाळचे ऊन एवढे पुरते. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास डोळा असलेला कंद दोन बोटे खोल लावावा. श्रावणात पाने हाताशी येतात. पाणी साचू दिले तर मात्र कंद कुजतो. आमची पहिली फजिती निराळीच होती. वाण्याकडील हळकुंड आम्ही मोठ्या भक्तिभावाने कुंडीत पुरले आणि दोन महिने पाणी घातले! हळकुंड हे शिजवून वाळवलेले असते, त्याला कोंब कोठून फुटणार? लावण्यासाठी हिवाळ्यात मिळणारी ओली हळदच हवी. दुसरी चूक पौषात होते. पाने पिवळी पडून माना टाकतात, झाड मेले असे समजून लोक कुंडी रिकामी करतात, आणि मातीबरोबर पोसलेला कंदही फेकून देतात.

हळदीला पेरण्याजोगे बी धरत नाही. तिचा वंश कंदानेच, एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिला आहे. म्हणून सुवासिनींना आमची एक सूचना आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे आणि स्टीलच्या वाट्या लुटण्याऐवजी ओल्या हळदीचा एकेक कंद वाण म्हणून द्यावा. काढणीचे दिवस तेच असतात, आणि कोरड्या वाळूत सावलीला ठेवलेला कंद अक्षय्यतृतीयेपर्यंत सहज टिकतो. वाण देताना एवढेच सांगावे की हा चहात किसून टाकू नका, कुंडीत लावा.