मर्यादा प्रकाशाची की कॅमेऱ्याची?

दोन प्रकाशबिंदू फार जवळ आले की विवर्तनामुळे त्यांचे डाग मिसळतात आणि ते एकच दिसतात. हा रॅलेचा निकष बारावीची मुले पाठ करतात. आपल्या हैदराबादच्या निजामिया वेधशाळेसाठी नवाब जफर जंग यांनी १९०१ साली विलायतेहून १५ इंची दुर्बीण घेतली. या हिशेबाने तिला सुमारे ०.३६ विकलांपेक्षा जवळचे जोडतारे सुटे दिसू नयेत.

पण २०१६ साली सिंगापूरच्या त्सांग, नायर व लू यांनी पुंजभौतिकीच्या गणिताने दाखवले की अंतराची माहिती प्रकाशात असतेच. ती हरवते कॅमेऱ्यात. कॅमेरा फोटॉन कुठे पडला एवढेच मोजतो. त्याऐवजी लहरी आकारानुसार वेगळ्या काढायच्या. एकाच बिंदूच्या प्रकाशाचा आकार ठरलेला असतो. त्यात न बसणारे मोजके फोटॉन मोजले की अंतर कळते. प्रयोगांतही हे दिसले. अर्थात हा चमत्कार नव्हे! बिंदू दोनच आहेत हे आधी ठाऊक हवे, यंत्रही नेमके मधोमध रोखलेले हवे.

निकष जरूर शिकवावा, परीक्षेत तो येणारच. पण निसर्गाचा अटळ नियम म्हणून नको. रॅले यांनीच १८७९ मध्ये तो सोयीचा ठोकताळा म्हणून मांडला होता. विश्वस्तांकडे मोठी मागणी नाही. एक सेंटिमीटर अंतरावर लावलेले दोन लाल एलईडी, सुईने टोचलेला पुठ्ठा आणि दहा मीटरचा व्हरांडा पुरे. डाग मिसळताना मुलांनी आधी स्वतः पाहावेत, व्याख्या नंतर लिहावी.