ऋण ऊर्जा

वसईच्या बागायतीतील विहिरींवर एके काळी रहाट फिरत असत. अशा एखाद्या विहिरीचा काठ शून्य मानावा. काठाखाली 6 मीटरवर असलेल्या, 10 किलोग्रॅमच्या भरल्या पोहऱ्याची स्थितिज ऊर्जा सुमारे उणे 600 ज्यूल भरते. पोहरा काठावर आणणाऱ्याला तेवढे कार्य करावे लागते, एवढाच त्या उणे चिन्हाचा अर्थ. पाण्यात त्यामुळे काही दोष शिरत नाही. शून्य तळाशी मानले, की तोच पोहरा जागचा न हलता ऋणमुक्त होतो!

हे ऋण म्हणजे एक प्रकारचे बंधनच होय. हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉनाची किमान ऊर्जा उणे 13.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. म्हणून तो केंद्रकाला सोडून जात नाही. चंद्रही अशाच ऋणाने पृथ्वीशी बांधलेला आहे.

असे असता, आज नव्या घराचे दार कोणत्या दिशेस आहे एवढे पाहून तेथे ‘नकारात्मक ऊर्जा’ असल्याचे सांगणारे लोक भेटतात. घाबरलेले कुटुंब मग चांगली भिंत पाडावयास तयार होते. शून्य कोठे मानले आणि ज्यूल किती मोजले, हे मात्र कोणी विचारीत नाही. शास्त्राचा शब्द घ्यावयाचा आणि मापन टाकून द्यावयाचे, हा व्यवहार सचोटीचा नव्हे.

भौतिकीतही ऋण ऊर्जेची धाडसी कल्पना झाली आहे. कोल्हापुरात 1938 साली जन्मलेले जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉइल यांच्यासह 1960 नंतरच्या दशकात ती मांडली. विश्व प्रसरण पावते, तरी त्याची घनता कायम राहते असे मानले, तर नवे द्रव्य सतत निर्माण झाले पाहिजे. त्यासाठी ऊर्जा कोठून यावी? त्यांनी ऋण ऊर्जेचे एक ‘निर्मितिक्षेत्र’ कल्पिले. द्रव्य जन्मास येते, तेवढे त्या क्षेत्राचे ऋण वाढते आणि जमाखर्च जुळतो.

हे सारे समीकरणांत मांडलेले होते. म्हणूनच आकाशाची साक्ष काढता आली. 1965 साली विश्वाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मतरंगांचा शोध प्रसिद्ध झाला आणि ती साक्ष सिद्धान्ताच्या विरुद्ध गेली. 1993 साली नारळीकरांनी हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह तो सुधारून पुन्हा मांडला. बहुसंख्य शास्त्रज्ञांना तोही पटला नाही.