३६ तास, एकच काम!

‘आई, माझी हॅकेथॉनसाठी निवड झालीय. दोन दिवस, एक रात्र तिथंच राहायचं!’ इंजिनीअरिंगला असलेली लेक असं सांगते आणि आईच्या पोटात गोळा येतो. एक तर तो ‘हॅक’ शब्द आणि वर रात्रीचं जागरण!

घाबरायचं कारण नाही. इथलं हॅकिंग म्हणजे चोरी नव्हे. ‘हॅक’ आणि ‘मॅरेथॉन’ मिळून झालेला हा शब्द १९९९ पासून प्रचारात आला. ठरलेल्या वेळात, एका जागी बसून, दिलेल्या अडचणीवर चालता-बोलता प्रोग्रॅम तयार करायचा, हा त्याचा अर्थ. आपल्याकडे २०१७ पासून ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ भरते. सरकारी खाती आपल्या अडचणी मांडतात. टीम सहा विद्यार्थ्यांची, त्यात किमान एक मुलगी हवीच. आधी कॉलेजात चाळणी लागते. सॉफ्टवेअर गटाची अंतिम फेरी सलग ३६ तासांची.

मग हुशार मुलांच्या टीमसुद्धा मागे का पडतात? बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे. हव्यास जास्त होतो म्हणून. एक ना धड, भाराभर चिंध्या!

आधी माणूस, मग कॉम्प्युटर

समजा, कांदा उत्पादकाला बाजारभाव कळवणारं अॅप करायचं आहे. मुलं लगेच यादी करतात : हवामान, नकाशा, पैशांची देवाणघेवाण, गप्पा मारणारा यंत्रमानव! पण शेतकऱ्याचा प्रश्न साधा असतो : माल लासलगावला नेऊ की पिंपळगावला? गाडीभाडं वजा जाता हातात काय उरेल? एवढ्या एका प्रश्नाचं नेमकं उत्तर देणारा पडदा दहा अर्धवट पडद्यांपेक्षा सरस. म्हणून पहिले दोन-तीन तास की-बोर्डला हात लावू नका. अडचण मांडणाऱ्या खात्याचा माणूस भेटला, तर त्याला विचारा : ‘आज हे काम कसं करता? कुठं अडतं?’ मग आपलं काम एका वाक्यात कागदावर लिहा. त्या वाक्यात न बसणारं सारं बाजूला ठेवा.

न्यूयॉर्कमध्ये मे २०१० मध्ये एका हॅकेथॉनमध्ये दोघा तरुणांनी ‘ग्रुपमी’ तयार केलं. काम एकच : एक संदेश धाडला की गटातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर पोचायचा. पुढच्याच वर्षी ‘स्काइप’ने ती कंपनी विकत घेतली.

घड्याळाशी मैत्री

बाराव्या तासापर्यंत ओबडधोबड का होईना, पण सुरुवातीपासून शेवटापर्यंत चालणारा नमुना हातात हवा. रंगरंगोटी नंतर. तिसावा तास उलटला की नवीन काही जोडायचं नाही, हा नियम मोडू नका. ‘एवढं एकच घालू’ म्हणत शेवटच्या तासात केलेला बदल चालता प्रोग्रॅम बंद पाडतो आणि परीक्षक तर दारात उभे असतात! त्यासाठी चालणारी प्रत्येक आवृत्ती वेगळी जपून ठेवा.

कामं वाटून घ्या : कुणी पडदे, कुणी माहितीसाठा, कुणी सादरीकरण. मुलींच्या वाट्याला केवळ ‘बोलून दाखवण्याचं’ काम देऊ नका. झोपही पाळीपाळीनं घ्या. पेंगुळलेल्या डोळ्यांनी केलेली चूक शोधण्यात झोपेपेक्षा जास्त वेळ जातो.

हल्ली एआयची साधनं भराभर कोड लिहून देतात. नियमात बसत असेल तर वापरा. पण ‘हे असंच का केलं?’ असं परीक्षकांनी विचारल्यावर टीममधल्या कुणाला तरी उत्तर देता आलंच पाहिजे.

परीक्षकांसमोर

तंत्रज्ञानाच्या नावांची जंत्री वाचू नका. ‘हा शेतकरी, ही त्याची अडचण आणि हे उत्तर,’ असं सांगत प्रोग्रॅम चालवून दाखवा. घड्याळ लावून दोनदा तालीम करा. ऐनवेळी इंटरनेट दगा देतं, तेव्हा चालत्या प्रोग्रॅमचं चित्रीकरण लॅपटॉपमध्ये तयार असू द्या. काय अपुरं राहिलं ते स्वतःहून सांगा. झाकायला गेलात तर परीक्षक नेमकं तेच उघडतात!

बक्षीस मिळेल, न मिळेल. स्पर्धेनंतर ते अॅप एखाद्या खऱ्याखुऱ्या शेतकऱ्याच्या हातात देऊन पाहा. त्याला ते न समजावता वापरता आलं, तर समजा, तुमचे ३६ तास सार्थकी लागले.

आणि आईंनो, डब्यात चार लाडू जास्त द्या. टीम सहाजणांची असते!